आधी आत्याबाईंना फोन कर

अगं, काल रात्री साडेअकराला पाठवलेले तुझे सातही फोटो बघितले. शेवटच्यात तुझा अंगठा आलाय आणि मागे बोहारणीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. त्या ढिगावरूनच कळलं मला तुझं काय चाललंय ते. टिळक नगरचं घर दोन महिन्यांत रिकामं करून द्यायचं, बिल्डरची माणसं रोज येऊन 'कधी, कधी' विचारतायत, लेकाची दहावी, आणि त्यात माळ्यावरून आजेसासऱ्यांचा पत्र्याचा डबा निघाला. डब्यात काय, तर धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली, खिशात ठेवायची तीन घड्याळं: एक रेल्वेचं, एक चांदीचं, एक हिरवट काट्यांचं. चांदीच्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली, आणि ती घरातल्या कुणाच्याच नावाची नाहीत. खाली तुझा प्रश्न, "ताई, हे चोरीचं तर नसेल ना गं?"

हसले मी. रागावू नकोस. खरं सांगू का, सोळा वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं, तेही माझ्या सख्ख्या आजोबांबद्दल. तेव्हा एका घड्याळाचा मालक शोधायला निघाले, ती आज एकोणीस घड्याळं कपाटात घेऊन बसलेय. नवरा म्हणतो, घरात एवढी घड्याळं आणि जेवण एक दिवस वेळेवर नाही.

तर आधी चहा टाक. ती घड्याळं कितीतरी वर्षं थांबलीयत, अजून पंधरा मिनिटं थांबतील.

पहिल्यांदा काय करायचं नाही ते ऐक. कारण जे करायचं नाही ते सगळं मी करून बसलेय. आजोबांच्या घड्याळानंतर माझ्या हाती आलेलं पहिलं घड्याळ काळंमिट्ट होतं. मला वाटलं, तांब्याची कळशी चकचकीत करतो तसं करू. चिंच-मीठ लावलं, जुना टूथब्रश घेतला आणि अर्धा तास बसून घासलं. काळेपणा गेला, त्याबरोबर वरचा सोन्याचा मुलामा गेला, आणि मुलाम्यात हलक्या हाताने कोरलेलं नावही गेलं. राहिलं एक 'श्री' आणि त्याच्यापुढे गुळगुळीत पितळ. कोण होते ते श्री, आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तेव्हा तू काहीही घासू नकोस. चिंच नको, पावडर नको, राख नको. पांढऱ्या तबकडीला ओलं फडकंसुद्धा नको, तिच्यात केसासारख्या चिरा असतात आणि त्यात पाणी शिरतं. कोरडा मऊ सुती कपडा, बस्स.

आणि सुरी लावून झाकण उघडायला जाऊ नकोस. माझ्या अंगठ्यावरची खूण तू बघितलीयस, मी ती भाजी चिरताना झाली म्हणून सांगते. खोटं सांगते. तुझ्या चांदीच्या घड्याळाला कडेला बिजागरी दिसतेय. तिच्या समोरच्या बाजूला बारीकशी ओठासारखी कड असेल, तिथे नख घाल. रेल्वेच्या घड्याळाचं झाकण आट्याचं वाटतंय. लेकाचा रबरी चेंडू घे, झाकणावर दाबून धर आणि डावीकडे फिरव. निघालं तर निघालं. नाही निघालं तर सोड, तो घड्याळवाल्याचा प्रांत.

चावीही देऊ नकोस. मोह होतो गं, टिकटिक ऐकायचा. पण आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, आणि त्यावर चाकं ओढत नेली की ती झिजतात. 'कुणीतरी जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं' असं प्रत्येक घरात सांगतात, आणि बिचाऱ्या एखाद्या पोरावर त्याचं खापर फुटतं. बहुतेकदा दोष त्या सुकलेल्या तेलाचा असतो. आधी खोलून साफ करून घ्यायचं, तेल घालायचं, मग रोज एका ठरलेल्या वेळी चावी. साफ करायला मात्र कुणाच्याही हातात देऊ नकोस. बॅटरीची घड्याळं करणारे खूप आहेत, चावीचं घड्याळ उघडून परत बसवणारे हात आता थोडे राहिलेत. माझे घड्याळवाले स्टेशनपासून चार पावलांवर, जिन्याखालच्या जागेत बसतात. भिंग डोळ्यातून न काढता बोलतात. तुला घेऊन जाईन.

तिसऱ्या घड्याळाचं एवढ्यासाठीच वेगळं सांगते की त्याचे काटे हिरवट पिवळे दिसतायत. तो रेडियमचा रंग असू शकतो. आपण कुठल्याही चमकणाऱ्या पट्टीला रेडियम म्हणतो, पण पहिल्या महायुद्धापासून पुढे कितीतरी वर्षं घड्याळांच्या काट्यांना खरंच रेडियम लावत. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं समजू नकोस. चमकणारा मसाला संपतो, रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. घाबरण्यासारखं काही नाही. बंद काचेआड आहे तोवर कपाटात खुशाल ठेव. फक्त ती काच काढायची नाही, काटे खरवडायचे नाहीत, आणि तुझ्या चिरंजीवांना विज्ञानाच्या प्रकल्पासाठी द्यायचं नाही. अणुशक्ती नगर शेजारी आहे म्हणून आपल्याला सगळं माफ नसतं.

आता त्या रेल्वेच्या घड्याळाकडे ये. मागे 'जी. आय. पी. आर.' आणि खाली आकडा. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपली आताची मध्य रेल्वे. १९५१ साली नाव बदललं, म्हणजे घड्याळ त्याच्या आधीचं. तू विचारलंस की त्या आकड्यावरून माणूस सापडेल का. बघ, तो घड्याळाचा नंबर आहे, माणसाचा नाही. ते कंपनीच्या मालकीचं होतं. गार्डाला, ड्रायव्हरला, स्टेशन मास्तरला कामासाठी दिलेलं, आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. तेव्हा त्या आकड्यामागे जीव टाकू नकोस. घरात कुणी रेल्वेत होतं का, एवढं विचार. असेल तर गुंता तिथेच सुटला.

पण हे घड्याळ हातात घेतलं की मला एक गंमत आठवते. १९०६ च्या १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी होती, आताच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे गार्डाच्या खिशात एक वेळ आणि त्याच्या घरच्या भिंतीवर दुसरी. मला सांग, त्याच्या बायकोने डब्याच्या पोळ्या कुठल्या वेळेने लाटायच्या? त्यावरून किती घरांत भांडणं झाली असतील! बरं, प्रमाणवेळ आली तरी मुंबईकर ऐकतोय थोडाच. मुंबई महापालिकेने आपली जुनी मुंबई वेळ सोडली ती थेट स्वातंत्र्यानंतर. तुझं घड्याळ जुनं असेल तर त्याने या दोन्ही वेळा बघितल्या असतील. आणि त्याच १९०६ साली आपल्या चेंबूरला पहिल्यांदा रूळ आले, ते माणसांसाठी आले असं समजू नकोस. कुर्ल्याहून पालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या यायच्या. माणसं गाडीत बसली ती १९२४ पासून. कचऱ्याचा मान पहिला.

बरं, आता खरं घड्याळ. चांदीचं, अक्षरांचं.

तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे - कलकत्ता' आहे. चांगलं आहे गं. १८८६ पासूनचं हे नाव, माल स्वित्झर्लंडचा आणि गिऱ्हाईक आपलं. सरदार-जहागीरदारच नव्हे, कारकून, मास्तर, फौजेतले लोक, पैसे साठवून हे घेत. झाकणाच्या आत तुला तीन बारीक अस्वलं आणि ०.९३५ आकडा दिसला, तू त्याला 'तीन उंदीर' म्हणालीस. ती अस्वलं आहेत, स्विस चांदीची खूण. ही तीन अस्वलांची खूण १८८७ च्या अखेरीला सुरू झाली, म्हणजे घड्याळ त्याच्या मागचं असू शकत नाही. अमेरिकन वॉल्थम किंवा एल्जिन असतं तर आतल्या यंत्रावरच्या नंबरावरून बनवल्याचं सालही मिळालं असतं, त्यांच्या नंबरांच्या याद्या आहेत. इथे एवढ्यावर भागवू.

आणि चौथा फोटो मोठा करून बघ. त्याच झाकणाच्या आत, अस्वलांच्या बाजूला, सुईने खरडल्यासारखे आकडे आहेत. मला पाच जागी दिसले. पोरांनी नाही खरडलेले ते. घड्याळ दुरुस्तीला आलं की घड्याळवाला आपली खूण आत कोरून ठेवायचा, परत आलं तर ओळखू यावं म्हणून. म्हणजे कुणीतरी पाच वेळा पदरचे पैसे खर्चून ते नीट करून घेतलंय. चोरीची वस्तू घेऊन माणूस पाच-पाच वेळा दुकानात जातो का गं? झालं तुझं समाधान?

मग दुसऱ्याची अक्षरं तुमच्या डब्यात कशी आली? शंभर वाटा आहेत. जुनं घड्याळ विकत घेतलं असेल. कुणी गहाण ठेवून सोडवलं नसेल. साहेबाने बदलीच्या वेळी हाताखालच्याला दिलं असेल. पण आपल्याकडे आणखी एक वाट आहे, आणि ती मला चार वर्षं दिसली नाही. ती गोष्ट सांगते, कारण तुझी चार वर्षं वाया जाऊ नयेत.

आमच्या आजोबांच्या घड्याळावर 'आर. बी. डी.' अशी अक्षरं होती. आमचं आडनाव 'के'चं. आता मी हुशार, वाचन दांडगं. मी ठरवलं की 'आर. बी.' म्हणजे रावबहादूर! इंग्रज सरकार पदव्या द्यायचं आणि त्या सरकारी राजपत्रात छापायचं, हे मला माहीत होतं. मग काय, निघाले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, १८२१ साली सुरू झालेलं. टाउन हॉलमधली एशियाटिक. मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं, त्यात पदवीधरांच्या याद्या असतात. हाफ डे टाकायचा, हार्बर पकडायची, धूळ खायची, परत यायचं. 'डी' आडनावाचे रावबहादूर शोधत मी एक अख्खं वर्ष घालवलं. बारा सापडले. बाराही जणांचा माझ्या आजोबांशी काडीचा संबंध नव्हता. पण तोवर मी आख्ख्या नातेवाइकांत सांगून मोकळी झाले होते की आमच्याकडे एका रावबहादुरांचं घड्याळ आहे. माझ्या चुलतभावाने तर मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलं.

मग एकदा घड्याळवाल्याने आतलं दुसरं झाकण उघडलं आणि चिमट्याने एक गोल कागद काढला, रुपयाएवढा. पिवळा, घडीवर फाटलेला, त्यावर मोडीत तीन ओळी. अगं, माझ्या पोटात फुलपाखरं! मला वाटलं, प्रेमपत्र. घड्याळाच्या आत, काळजापाशी वगैरे. माझी एक मैत्रीण पुराभिलेखागाराच्या मोडीच्या वर्गाला गेलेली, तिच्याकडे धावले. तिने भिंग लावलं, ओठ हलवले, आणि म्हणाली, "साफ करून तेल घातले. शके १८२९. बाकी येणे चार आणे." दुरुस्तीचं बिल! तेही उधारीचं!

पण बघ, त्या बिलाने काम केलं. शकात ७८ मिळवले की झाले १९०७. आणि आमचे आजोबा जन्मले १९१२ ला. म्हणजे घड्याळ त्यांच्याआधी कुणाचं तरी होतं, आणि त्या माणसाला चार आणे रोख देणं जड होतं. माझे रावबहादूर तिथेच डळमळले. मग मनात नको ते यायला लागलं. आजोबा मिलमध्ये टाइमकीपर. कुणी मजुराने अडचणीत गहाण टाकलेलं घड्याळ तर नाही ना हे? दोन वर्षं मी ते कपाटातून काढलंच नाही. तुझ्या कालच्या मेसेजमध्ये मला नेमकं तेच दिसलं, म्हणून हे सगळं लिहितेय.

आणि मग एका डिसेंबरात आमची आत्या आली. घाटल्याला आईकडे आम्ही तिघी मटार सोलत बसलो होतो. मी आपलं सहज म्हटलं, आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, त्या घड्याळाचं काही कळत नाही बाई. तर आत्या दाणे तोंडात टाकत म्हणते, "त्यात काय कळायचंय? दिवाळसणाचं ते. आईच्या वडलांचं. आप्पांना सायकल हवी होती, सासऱ्याने खिशातलं जुनं घड्याळ दिलं. वर्षभर रुसले होते."

चार वर्षं गं! चार वर्षं पुराभिलेखागार, आणि उत्तर मटारच्या परातीत.

मी विचारलं, आजीच्या वडलांचं नाव काय? आत्याने सांगितलं. आर, बी, डी. तिन्ही अक्षरं जागच्या जागी. कोकणातल्या एका लहानशा पोस्टाचे मास्तर होते ते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजीचं माहेरचं आडनाव मला ठाऊकच नव्हतं. मी तिच्या हातचं जेवले, तिच्या कुशीत झोपले, पण लग्नात नाव बदललं ते बदललं. आधीचं नाव घरात कुणी घेतलंच नाही, मी विचारलंच नाही. खिशातलं घड्याळ वापरलं पुरुषांनी, पण ते एका घरातून दुसऱ्या घरात गेलं ते बायकांच्या लग्नांतून. दिवाळसण, लग्नातला मानपान, जावयाचा रुसवा. म्हणून म्हणते, सासरच्या वंशावळीत ती अक्षरं सापडत नसतील तर सासरच्या बायकांची माहेरं शोध. तुझ्या आजेसासूबाई, त्यांच्या सासूबाई. आणि हे सांगणारं माणूस तुमच्या घरात आता एकच आहे. तुझ्या नवऱ्याच्या आत्याबाई.

फोन करशील तेव्हा 'घड्याळ कुणाचं' असं एकदम विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसांना एकदम विचारलं की 'मला काय माहीत' एवढंच येतं. आजेसासूबाईंचं माहेर कुठलं, त्यांचे वडील काय करायचे, पहिल्या दिवाळसणाला काय दिलं होतं, असं घरगुती विचार. आणि फोन स्पीकरवर टाकून बाजूला वही ठेव. आत्याबाई पंच्याऐंशीच्या आहेत ना? मग पुराभिलेखागार कुठे पळून जात नाही, समजलं?

अक्षरं नीट वाचून घे त्याआधी. खोलीतले दिवे बंद कर, मोबाइलचा टॉर्च घड्याळाच्या कडेला आडवा धर, वरून नको. तिरपा उजेड पडला की झिजलेल्या रेघांच्याही सावल्या उठतात. घड्याळ हळूहळू फिरव आणि प्रत्येक वळणाला फोटो काढ. तुझी अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत, वेलबुट्टीसारखी. कुठलं आधी, कुठलं नंतर, यात अडकू नकोस. तीन अक्षरांचे सहाच क्रम होतात, सहाही लिहून काढ. आणि आजचं स्पेलिंग डोक्यातून काढून टाक. तेव्हा वामन, वासुदेव, विश्वनाथ हे पुष्कळदा 'व्ही'ने नाही, 'डब्ल्यू'ने लिहीत. कृष्णा कधीकधी 'सी'ने सुरू व्हायचा. लक्ष्मणात 'एक्स' यायचा. तू 'के' शोधत बसशील आणि बाबा 'सी'मध्ये लपलेला असेल.

आत्याबाईंकडून आडनाव आणि गाव मिळालं की पुढचं सोपं आहे. त्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे का बघ. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचार, १८९८ पासूनची संस्था आहे, जुन्या पुस्तकांची त्यांना सवय आहे. कुलवृत्तान्तात माणसाचं शिक्षण, नोकरी, मुलंबाळं असतातच, आणि पुष्कळदा बायकोचं माहेरही दिलेलं असतं. माझ्या आजीची तीन ओळींची नोंद मला तिथेच मिळाली, लग्नाआधीच्या नावासकट. पण कुलवृत्तान्त सगळ्यांचे नसतात. ज्यांच्याकडे छापायला पैसा आणि वेळ होता त्यांचे असतात. तसं नसेल तर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. आपल्या लोकांचं कुणी ना कुणी कधीतरी तिथे विधीला गेलेलं असतं, आणि उपाध्यांच्या वह्यांत गावानुसार, आडनावानुसार नावं लिहिलेली असतात, कधी खुद्द आलेल्या माणसाच्या अक्षरात. तुमचे उपाध्ये कोण हेही आत्याबाईंनाच ठाऊक असणार. बघ, परत तिथेच आलो.

आता पैशाचं. तुझे दीर न्यू जर्सीहून म्हणाले की तिकडे पाठव, मी बघतो किंमत. त्यांना गोड शब्दांत सांग की नाही. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्यायचं, बॅगेत टाकून न्यायचं नाही. सराफाकडेही जाऊ नकोस. तो चांदी तोलून भाव सांगेल, आणि वितळवल्यावर तीन अस्वलं, पाच खुणा आणि अक्षरं, सगळ्याची मिळून एक लगडी होईल. नाव असलं की वस्तूचं काय होतं ते सांगते. टायटॅनिकवर बुडालेल्या जॉन जेकब ॲस्टरचं घड्याळ २०२४ मध्ये इंग्लंडात लिलावाला निघालं. वॉल्थमचंच, सोन्याचं, त्यावर त्याची तीन अक्षरं. अकरा लाख पौंडांच्या वर गेलं. आपल्या पोस्टमास्तरांच्या घड्याळाला कुणी अकरा हजारही देणार नाही हे मला माहीत आहे. आणि मला ते विकायचंही नाही.

आणि हो, या सगळ्यात तुला संग्रहाची गोडी लागणार. तुझ्या फोटो काढण्यावरूनच दिसतंय मला, सात-सात फोटो कोण काढतं! लागली तर सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारात एकटी जाऊ नकोस. शुक्रवारी तर नकोच, मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरचा बाजार भरलेला असतो, त्यात आपण भुलतो. मी भुलले. तबकडीवर ठसठशीत 'रोलेक्स', मागे कोरलेलं '१८८५'. घासाघीस करून निम्म्यात आणलं, शीळ घालत जिना चढले. घड्याळवाल्याने भिंगही लावलं नाही. म्हणाला, "ताई, रोलेक्स हे नाव नोंदलं गेलं १९०८ ला. हे जन्माच्या आधीचं दिसतंय." ते अजून ठेवलंय मी, कपाटात सगळ्यात पुढे. डोकं ताळ्यावर राहतं.

घर हलवताना ही तिन्ही घड्याळं सामानाच्या ट्रकमध्ये देऊ नकोस. प्रत्येक वेगळ्या मऊ कापडात गुंडाळ, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या सोबत टाक, आणि रबरबँड मुळीच लावू नकोस, त्याने चांदी काळी पडते. ती धोतराची चिंधी फेकू नकोस, तीही ठेव. डब्यावर आत काही लिहिलंय का, तळाशी कागद आहे का, बघ. आणि तुझ्या पर्समध्ये घालून स्वतः ने.

बाकीचा पसारा होईल गं. बोहारीण येईल, बिल्डर थांबेल, लेक पास होईल. रविवारी दुपारी माझ्याकडे ये, साबुदाण्याची खिचडी करते, चारला घड्याळवाल्यांकडे जाऊ. पण आत्याबाईंना फोन केल्याशिवाय आलीस तर दारातून परत पाठवीन.